माँ ब्लांची फेरी, नऊ दिवस आणि भाऊजींचा गुडघा

ताई, तुमचा प्रश्न बराच मोठा आहे. उत्तराआधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसरं कुणी वाचत असेल तर त्यालाही संदर्भ लागेल. बडोद्याचे तुम्ही चौघं: तुम्ही ४९, यजमान ५२, मोठे दीर ५८ आणि मुलगा २०. येत्या जुलैत आल्प्समधली 'टूर द्यु माँ ब्लां', म्हणजे माँ ब्लां शिखराभोवतीची पायी फेरी, नऊ दिवसांत करायची आहे. टूरवाल्यानं 'मध्यम अवघड' असं सांगितलंय. महिन्यातून एकदा सगळे पावागढ चढता, दोन वर्षांपूर्वी उत्तराखंडातला केदारकांठा झालाय आणि तिथे भाऊजींना डोकेदुखी नि उलट्या झाल्या होत्या. म्हणून विचारताय की उंचीचा त्रास पुन्हा होईल का, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) न्यावी का, दहा-अकरा दिवसांची फेरी नऊत बसेल का, आणि जमलंच तर लेकाला खुद्द माँ ब्लां चढता येईल का.

आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, तुम्ही एक वाक्य टाकलंय: "भाऊजींचा उजवा गुडघा उतरताना जरा कुरकुरतो, पण चढताना काही नाही, आणि पावागढहून येताना आम्ही रोपवेनंच येतो." माझ्या मते तुमचा सगळा बेत या वाक्यावर ठरायला हवा. उंचीची काळजी तुम्ही केदारकांठ्याहून सोबत आणली आहे. या फेरीत माणसं अडकतात ती उतारावर.

तरी उंचीचं आधी उरकून टाकू. केदारकांठ्याचा माथा ३,८०० मीटरच्या वर आहे आणि आदल्या रात्रीचा मुक्कामही तीन हजारांच्या वरच असतो. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो, आणि त्यातही दिवसा किती वर गेलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात हे जास्त महत्त्वाचं. माँ ब्लां सुमारे ४,८०६ मीटर उंच आहे हे ऐकून लोक दचकतात, पण फेरीची वाट शिखराच्या वाटेला जातच नाही. ती भोवतालच्या खोऱ्यांतून आणि खिंडींतून फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड करत परत फ्रान्समध्ये येते. मूळ वाटेवरची सगळ्यात उंच खिंड ग्रां कोल फेरे, २,५३७ मीटर. मुक्काम बहुतेक १,२०० ते २,२०० मीटरच्या दरम्यान. एवढ्या उंचीवर भाऊजींना केदारकांठ्यासारखा त्रास होण्याची शक्यता फारच कमी. या फेरीसाठी मी माझ्या गटातल्या कुणाला डायमॉक्स घ्यायला सांगत नाही. तरी मागचा अनुभव आहे, म्हणून तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. भाऊजींना रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर नक्कीच.

आता खरा हिशेब. पूर्ण फेरी साधारण १७० किलोमीटरची, आणि एकूण चढ दहा हजार मीटरच्या आसपास. हा आकडा सगळेच सांगतात. फेरी जिथे सुरू होते तिथेच संपते, म्हणजे उतारही दहा हजार मीटर, हे मात्र कुणी बोलत नाही. रोज एक पावागढ वर आणि एक पावागढ खाली, ओळीनं दहा दिवस, आणि खाली यायला रोपवे नाही, असं समजा. केदारकांठ्याला कसोटीचा दिवस एकच होता. शिवाय तिथे तंबू आणि शिधा खेचरांवर होता, चहा हातात मिळत होता. इथे पाठीवरचं ओझं आपलं आपणच वाहायचं.

उतारावर नेमकं काय होतं ते समजून घ्या, कारण सरावाचा सगळा भाग त्यावरच आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो. धाप लागत नाही, घाम येत नाही, म्हणून वाटतं की आराम चाललाय. पण ताणाखाली लांबणाऱ्या स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते आणि तिचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. मांडी थकली की ब्रेकचं काम गुडघ्यावर येतं. म्हणूनच पहिल्या दिवशी सगळे मजेत असतात आणि तिसऱ्या दिवशी दुपारी गटाचे दोन भाग पडतात.

माझ्या एका गटात बडोद्याचेच एक गृहस्थ होते, साठीच्या आतले, रोज सकाळी कमाटीबागेत तासभर झपाझप चालणारे. चढावर सगळ्यांच्या पुढे. तिसऱ्या दिवशी इटलीतल्या कूरमायर गावाच्या आधी चेक्रुईच्या पठारावरून खाली गावाकडे उतरताना काय झालं ते सांगतो. ती वाट म्हणजे जंगलातून जाणारा जवळपास पाचशे मीटरचा सरळ उतार. भुसभुशीत धूळ, तिच्यात लपलेली पाइनची मुळं आणि खड्या पायऱ्यांसारखे दगड. ते एक पाय खाली टाकायचे, दुसरा त्याच्या शेजारी आणून ठेवायचे, दोन्ही काठ्यांवर भार टाकून थांबायचे, मग पुढचं पाऊल. चेहऱ्यावर दुखतंय असं अजिबात दाखवत नव्हते, पण बोलणं बंद झालं होतं. बाकीचे खाली पोचून जेवून उठले तेव्हा ते गावात आले. त्यांची दमछाक कुठेच झाली नव्हती. फक्त उतरायची सवय नव्हती. गंमत म्हणजे त्याच पठारावरून खाली यायला उन्हाळ्यात केबलकार असते, आणि ती घ्यायला त्यांनीच नाही म्हटलं होतं. "एवढं आलो चालत, आता हे कसलं!" हा आपल्या लोकांचा ठरलेला संवाद आहे. गिरनारला रोपवे झाल्यापासून तर मी तो फार ऐकतो.

तेव्हा माझं स्पष्ट मत: नऊ दिवसांत पूर्ण फेरी तुमच्या चौघांसाठी नको. दहा-अकरा दिवसांची वाट नऊत बसवायची म्हणजे काही दिवस दुप्पट करायचे, आणि दुप्पट होतो तो उतारच. त्यातून शेवटच्या दिवशी ब्रेवाँ शिखराच्या २,५२५ मीटरवरून ले झूश या सुरुवातीच्याच गावाच्या हजार मीटरपर्यंत एका दमात दीड हजार मीटर उतार असतो. थकलेल्या गुडघ्याला याहून वाईट भेट नाही. पण ही फेरी तुकड्यातुकड्यानं करण्यात काहीच कमीपणा नाही, कारण जवळपास प्रत्येक खोऱ्यात बस आहे. हिमालयात अर्ध्या वाटेवरून परतायचं म्हणजे दोन दिवस उलटं चालायचं. इथे खिंड उतरलं की रस्ता, बसथांबा आणि बहुधा कॉफी. ही सोय पुरेपूर वापरायची, असं ठरवूनच मी आखणी करतो.

तुमच्यासाठी मी अशी आखणी करेन. जिनिव्हाला उतरून बसनं माँ ब्लांच्या पायथ्याचं शामोनी, एक रात्र तिथे. ले झूशहून सुरुवात न करता बसनं ले कोंतामीन गाठा. पहिल्या दिवसाचा खोऱ्यातला फिरून येणारा भाग वगळला तर काही बिघडत नाही. ले कोंतामीनहून पहिल्या दिवशी फक्त ला बाल्मपर्यंत, १,७०६ मीटर, अर्ध्या दिवसाची चाल. प्रवासाचा शीण असतो, झोपेचं वेळापत्रक बिघडलेलं असतं, तेव्हा एवढंच बरं. दुसऱ्या दिवशी बोनॉमची खिंड, पुढे क्र्वा द्यु बोनॉम आणि मग ले शापियपर्यंत उतार. चढ पावणेआठशे, उतार नऊशेच्या वर. भाऊजींच्या गुडघ्याची पहिली परीक्षा ही. त्या दिवशी वर क्र्वाजवळच्या रिफ्यूजमध्ये, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामघरात, जागा मिळाली तर तिथेच थांबणं मला जास्त आवडतं. मग तो उतार सकाळी ताज्या पायांनी होतो. तिथली उंची २,४००च्या वर आहे, म्हणून एखाद्याला झोप उथळ लागेल, एवढंच.

तिसऱ्या दिवशी ले शापियहून छोट्या बसनं व्हील दे ग्लासियेपर्यंत जा. डांबरी रस्ता तुडवण्यात काही अर्थ नाही. तिथून सेन्य खिंड, २,५१६ मीटर. खिंडीत उभं राहिलं की मागे फ्रान्स, पुढे इटली आणि डावीकडे माँ ब्लांची दक्षिण बाजू, जी शामोनीतल्या गोलसर पांढऱ्या घुमटासारखी अजिबात दिसत नाही. नुसते काळे सुळके आणि लोंबणाऱ्या हिमनद्या. खाली तीनशे मीटरवर एलिझाबेत्ता रिफ्यूज. हा फेरीतला सगळ्यात सुंदर आणि गुडघ्याला सगळ्यात सोसवणारा दिवस. चौथ्या दिवशी माँ फाव्रच्या धारेवरून चेक्रुई, आणि तिथून केबलकारनं खाली कूरमायर. भाऊजींनी तरी केबलकारनंच. लेकाला आणि यजमानांना चालत उतरायचं असेल तर उतरू द्या, गावात भेटा. लिफ्ट उन्हाळ्यात ठरावीक तारखांनाच चालतात, त्या तारखा आधी बघून ठेवा.

पाचव्या दिवशी कूरमायरला पूर्ण विश्रांती. हा दिवस कापायचा नाही. चौथ्या दिवशी सगळ्यांना वाटतं की आता पाय बसलेत, उगाच कशाला थांबायचं. पण स्नायू भरून येतात ते थांबल्यावर. सहाव्या दिवशी बेर्तोने आणि पुढे बोनात्ती ही रिफ्यूज: सकाळी खडा चढ, मग दिवसभर ग्रांद जोरासच्या शिखरांसमोरून जवळपास सपाट वाट. सातव्या दिवशी बोनात्तीहून आर्नुव्हापर्यंत उतार, एलेना, फेरे खिंड आणि स्वित्झर्लंडमध्ये प्रवेश. बहुतेक गट त्याच दिवशी ला फूलीपर्यंत जातात आणि उतार बाराशेच्या आसपास होतो. तुम्ही खिंडीखाली ला पल या गुरांच्या वस्तीवर थांबा, २,०७१ मीटर. उतार तिथे दुभागला जातो. आठव्या दिवशी सकाळी उरलेले साडेचारशे मीटर उतरून ला फूली, तिथून बसनं ओर्सियेर, मार्तिन्यी, आणि मार्तिन्यीहून डोंगरातल्या छोट्या गाडीनं शामोनी. नववा दिवस मोकळा: हवा चांगली असेल तर शामोनीहून लिफ्टनं प्लांप्राला जाऊन दक्षिण बाल्कनीच्या वाटेवर मन भरेपर्यंत चाला, पूर्ण माँ ब्लां समोर ठेवून, आणि लिफ्टनंच परत. मुलाला आणि यजमानांना हवा असेल तर ब्रेवाँचा तो दीड हजार मीटरचा उतार त्यांनी करावा. पायांत दम असेल तर ती वाट झकास आहे.

यात शांपे, त्रियां आणि बाल्म खिंड (पहिल्या दिवसाच्या ला बाल्महून वेगळी) सुटते. शांपेचं तळं छान आहे, पण त्याआधीची वाट बरीचशी खोऱ्यातून आणि गावांतून जाते. त्रे-ल-शांच्या वरच्या लोखंडी शिड्याही यात येत नाहीत. शिड्या सुरक्षित आहेत आणि त्यांना वळसाही घालता येतो, पण ओल्या खडकावर पाठीवर ओझं घेऊन शिडी हा प्रकार तुमच्यापैकी कुणाला मानवेल ते मला माहीत नाही, म्हणून बाजूला ठेवला.

तिथे गेल्यावर अंतरं बघू नका, वेळ बघा. स्वित्झर्लंडमधल्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतातच, तास आणि मिनिटं असतात, आणि ती न थांबता चालणाऱ्या माणसाची. आपल्या गटासाठी मी त्यात तिसरा हिस्सा मिळवतो आणि जेवणाचा वेळ वेगळा धरतो. घरी बसून आखताना नाइस्मिथचा जुना नियम पुरतो: दर पाच किलोमीटरला एक तास, अधिक दर सहाशे मीटर चढाला एक तास. हा १८९२ सालचा स्कॉटिश नियम आहे आणि उतारासाठी त्यात काहीच मिळवलेलं नाही. भाऊजींसाठी ते तुम्ही मिळवा, दर तीनशे मीटर खड्या उताराला वीस मिनिटं तरी. खुणांचा रंगही लक्षात ठेवा. स्वित्झर्लंडमध्ये नुसती पिवळी खूण म्हणजे साधी वाट, पांढरा-लाल-पांढरा म्हणजे डोंगरवाट, आणि पांढरा-निळा-पांढरा दिसला तर ती वाट तुमची नाही.

दिवसाचा क्रम हवामान ठरवतं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर ढग चढतात आणि चार वाजेपर्यंत गडगडाट सुरू झालेला असतो. म्हणून सातला बाहेर, आणि खिंड एकच्या आत पार. आपल्याकडे सकाळी पूजा, चहा, नाश्ता करून नऊला निघायची सवय असते. ती बडोद्यातच ठेवून या. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी लागत असतील तर ती जवळ आहे. धार सोडा, एकट्या झाडाखाली जाऊ नका, साखळ्या-शिड्यांपासून दूर व्हा, काठ्या बाजूला ठेवा आणि एकमेकांत अंतर ठेवून उकिडवे बसा. हजार मीटर वर गेलं की तापमान सहा-सात अंशांनी उतरतं, त्यामुळे शामोनीत टी-शर्टवर फिरणारा माणूस खिंडीत पावसात कुडकुडतो. पातळ लोकर किंवा फ्लीस, वर चांगला रेनकोट, टोपी आणि हातमोजे हे जुलैतही प्रत्येकाच्या पिशवीत हवेतच.

जुलैच का, असंही विचारतो. जुलैच्या सुरुवातीला बोनॉमच्या बाजूला जुन्या बर्फाचे पट्टे राहिलेले असू शकतात. सकाळी ते कडक आणि घसरडे असतात, बुटांना चढवायचे छोटे काटे उपयोगी पडतात. माझी पसंती सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याला. गर्दी ओसरते, दुपारची वादळं कमी होतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मात्र जाऊ नका. तेव्हा शामोनीत माँ ब्लांभोवतीची मोठी धावण्याची शर्यत असते आणि गावात पाय ठेवायला जागा नसते. सप्टेंबरमध्ये लेकाच्या कॉलेजचा प्रश्न येईल आणि गणपतीही येतील. त्या वर्षी चतुर्थी कधी आहे ते बघूनच ठरवा. घरचा गणपती सोडून जायचं म्हटलं की बडोद्याच्या घरांत काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

आता लेकाचं शिखर. १७८६ मध्ये शामोनीच्या बाल्मा आणि पाकार या दोघांनी ते पहिल्यांदा सर केलं, आणि आता 'सोपं शिखर' म्हणून त्याची ख्याती पसरली आहे. ती ख्याती फसवी आहे. नेहमीच्या गुते वाटेवर एक घळ आडवी ओलांडावी लागते आणि वरून दगड येत असतात. उष्णतेच्या लाटांत ते इतके येतात की २०२२ च्या उन्हाळ्यात तिथली रिफ्यूजही काही काळ बंद ठेवली होती. क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे बर्फातले काटे) आणि आइस ॲक्स (बर्फातली कुदळ) वापरायची सवय, दोरावर चालायचा अनुभव, आधी तीन-साडेतीन हजारांवर काढलेल्या रात्री आणि सोबत प्रमाणित गाइड, एवढं असेल तर विषय काढावा. या सहलीला जोडून नाही. पोराला खरंच ओढ असेल तर त्याला उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या संस्थेत बेसिक कोर्स करू द्या. त्याआधी माउंट आबूला प्रस्तरारोहण. वीस हे त्यासाठी नामी वय आहे.

त्याच्या समाधानासाठी एग्वी द्यु मिदीची केबलकार आहे, शामोनीहून थेट ३,८४२ मीटर. पण ताई, तुमच्या सगळ्या सहलीत भाऊजींना उंचीचा खरा धोका असेल तर तो इथेच. हजारावरून अर्ध्या तासाच्या आत पावणेचार हजारांच्या वर. केदारकांठ्याच्या माथ्याहूनही जास्त, तेही शरीराला सवय व्हायला वेळ न देता. गेलातच तर शेवटच्या दिवसांत जा, वर हळू चाला, तासाभरात खाली या, आणि डोकं जड झालं तर फोटोसाठी थांबू नका.

सराव. बडोदं सपाट आहे, ही तक्रार मी रोज ऐकतो, पण तुमच्यापासून तासाभरावर पावागढ आहे. फक्त आता उलटं करा: माचीहून रोपवेनं वर जा आणि चालत खाली या. हे ऐकून घरचे हसतील. स्नायूला एकदा उताराचा मार बसला की पुढचे काही आठवडे तो तसाच मार बऱ्यापैकी सहन करतो, हे व्यायामशास्त्रात नीट सिद्ध झालेलं आहे. तुम्हाला तेच मिळवायचंय. पहिल्या रविवारी एकदाच उतरा. दुखेल. दहा दिवसांनी पुन्हा. मग चांपानेरच्या पायथ्यापासून जुन्या दरवाज्यांतून जाणारी वाट धरून पूर्ण वर आणि पूर्ण खाली, पाठीवर सहा-सात किलो घेऊन. चैत्रातल्या नवरात्रात जाऊ नका, गर्दीत चाल लागत नाही. एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला चढायला लागा आणि नऊच्या आत खाली.

आठवड्यात दोनदा इमारतीचा जिना: वर लिफ्टनं, खाली पायांनी, दर पायरीला एक-दोन-तीन मोजत सावकाश. भाऊजींनी हे करण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओला गुडघा दाखवावा. वाटीमागची नुसती कुरकुर व्यायामानं बरीच सुधारते. सूज येत असेल, गुडघा अडकत असेल किंवा लचकत असेल तर गोष्ट वेगळी, मग ही सहलच वेगळी आखावी लागेल.

निघायच्या तीन-चार आठवडे आधी गिरनार. दत्ताच्या दर्शनाला तुम्ही जातच असाल. रोपवे न घेता तळेटीपासून दत्तशिखर आणि परत, जवळपास दहा हजार पायऱ्या वर आणि तितक्याच खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी जुनागढच्या धर्मशाळेचा जिना धरून उतरतात की तसेच, ते बघा. तसेच उतरले तर वर सांगितलेली आखणी त्यांना झेपेल. कठड्याला धरून उतरले तर पहिल्या चार दिवसांचा कूरमायरपर्यंतचा तुकडा चालत, आणि पुढे ते बसनं, तुम्ही डोंगरातून. संध्याकाळी एकत्र जेवायचं.

बूट निदान दीड महिना वापरलेले हवेत आणि बोटांपुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा हवी. उताराला बोटं पुढे आदळतात आणि नखं काळी पडतात. निघायच्या आधी नखं कापा, उतार सुरू व्हायच्या आधी घोट्याजवळची लेस घट्ट करा. काठ्या प्रत्येकाला दोन. उतरताना पाच-सात सेंटीमीटर लांब करायच्या आणि पावलाच्या आधी टेकवायच्या. पाऊल छोटं. पाठपिशवी सात-आठ किलोंच्या वर गेली तर काहीतरी जास्तीचं घेतलंय. रिफ्यूजमध्ये पांघरूण असतं, तुम्हाला फक्त आत घालायची पातळ चादर-पिशवी लागते. सामान पुढे पोचवणाऱ्या टॅक्सी आहेत, पण जिथे गाडी जात नाही, उदाहरणार्थ एलिझाबेत्ता, तिथे तुमची बॅगही जाणार नाही.

खाण्याचं: बुकिंग करतानाच शाकाहारी लिहा आणि अंडं चालतं की नाही हेही. सूप, पास्ता, पोलेंटा (मक्याच्या पिठाचा सांजा), चीज यावर निभतं. थेपले पहिले तीन दिवस, पुढे खाखरा, चिक्की, भाजलेले चणे. दुधाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणून पेढे आणि तुपाची बरणी घरीच. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा.

शेंगेन व्हिसासाठी लागतो तो ३०,००० युरोंचा विमा घेताना 'ट्रेकिंग' आणि 'हेलिकॉप्टरनं सुटका' हे शब्द पॉलिसीत आहेत का आणि उंचीची मर्यादा काय, हे वाचून घ्या. फ्रान्समध्ये डोंगरातली सरकारी सुटका सहसा मोफत असते, स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरचं बिल येतं आणि ते मोठं असतं. मदतीसाठी ११२. फोन लागत नसेल तर शिट्टी किंवा टॉर्च, मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

आणि विमानाची तिकिटं अजून काढली नसतील तर थांबा. या वाटेवरची रिफ्यूज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून भरायला लागतात. तुमच्या आखणीत सहज पर्याय नसलेली दोन ठिकाणं आहेत, एलिझाबेत्ता आणि ला पल. आधी या दोन ठिकाणी चार-चार जागा कोणत्या तारखांना मिळतात ते विचारा, त्या तारखांच्या मागे-पुढे बाकीचे मुक्काम बसवा, आणि मग तिकीट काढा. एलिझाबेत्ताला नाहीच मिळालं तर मला कळवा. त्या दिवसासाठी व्हेनी खोऱ्यात खाली उतरून बसनं कूरमायर असा एक तोडगा आहे, पण त्यात दिवस लांबतो आणि तो भाऊजींच्या गिरनारनंतरच ठरवता येईल.